चिरेतलं डांबर

राजारामपुरी, कोल्हापूर
६ जुलै २०२५

प्रिय गैबी,

टण्, टण्, टण्, टण्. आणि मग बद्द.

एवढाच आवाज माझ्याकडे धड उरला आहे. कान पुरते गेले त्याला तीन वर्षं झाली. शेजारच्या क्लासमधली पोरं जिना उतरतात ते मला पायाखालच्या फरशीतून कळतं. दाराच्या बेलला लाल दिवा जोडून घेतलाय. दिवा लागला की उठायचं आणि आलेल्या माणसापुढं पाटी-पेन्सिल सरकवायची. जन्मभर पोरांच्या हातात पाटी दिली, आता पावण्यांच्या हातात देतो. फोनचा काही उपयोग नाही, म्हणून हे पत्र.

पण बाहेरचं थांबलं तसे आतले जुने आवाज मोठे झालेत. उद्यमनगरातलं तुझं गॅरेज. तू गाडीखाली उताणा, हातात ती बोटभर हातोडी, आणि वीत-वीत अंतरानं चेसिस ठोकत निघालेला. चांगलं लोखंड घंटेसारखं वाजतं, गंजानं खाल्लेलं मडक्यासारखं, हे मला तू शिकवलंस. मी तुला बाराखडी शिकवत होतो, तू मला लोखंड. तुझ्या ठोक्यांवर मी शाळेतल्या कविता म्हणायचो, आणि माझी लेक क्रांती मडगार्डवर पाय सोडून बसायची. माझा एखादा शब्द चुकला की टाळी वाजवायची. काय दिवस होते रे ते. सोन्याचे म्हणवत नाही, पण पितळेचे तरी होते; घासले की चमकतात.

आता कारण. आपली जुनी हेरल्ड गाडी पासिंगला नापास झाली. तपासणीचा साहेब तरुण, चांगल्या स्वभावाचा. बॅटरी घेऊन गाडीखाली गेला आणि चेसिसला स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर येऊन त्यानं कागदावर लाल भुकटी दाखवली आणि माझ्या पाटीवर लिहिलं, "चेसिस कुजली आहे. दुरुस्त करून आणा, नाहीतर नोंदणी रद्द." रद्द म्हणजे भंगार.

ती भंगारात कशी जाऊ देऊ, गैबी? डॅशबोर्डच्या खणाच्या झाकणाला आतून क्रांतीनं कंपासच्या टोकानं नाव कोरलंय. तिला जाऊन एकतीस वर्षं होतील. तिच्या आईला जाऊन सहा. घरात क्रांतीचं अक्षर म्हणून तेवढंच आहे. त्या दिवशी वाडीच्या दत्ताचं दर्शन घेऊन येताना उदयनं गाडी वेगात नेऊन बाभळीवर घातली नसती, तर आज पोर बेचाळीस वर्षांची असती. माझा सख्खा भाऊ. सहा महिने तुरुंगात काढून आला तेव्हा मी दार उघडलं नाही, पुढं कुठं गेला ते विचारलंही नाही. असो. ते उगाळायचं नाही.

काम सम्राटकडं दिलंय. तुझ्या गॅरेजच्या शेजारी तो फॅब्रिकेशन करतो. तो म्हणतो, पुढच्या उजव्या चाकापाशी पट्टीवर पट्टी मारलीय, बॉडी उतरवल्याशिवाय कळणार नाही. तिथं तू केव्हा काय केलं होतंस ते कळव. जमलं तर चार दिवस येऊनच जा. ठोकून बघ. मला ऐकू येणार नाही, पण तुझ्या तोंडावरून कळेल.

तुझा,
कृष्णात


आजरा
१७ जुलै

मास्तर, सलाम.

पत्र पोचलं. आमची लेक मलिका म्हणली वाचून दावते. मी म्हटलं, मला मास्तरनी शिकिवलंय, माझं मी वाचतो. दोन दिस लागलं.

येणं जमायचं न्हाय. गुडघं गेल्यात. हितं पाऊस असा हाय की भाताच्या वावरात आन रस्त्यात फरक कळंना.

गाडीचं म्हणाल तर सोडून द्या. छप्पन्न वर्साची झाली. माणूस बी इतकं टिकत न्हाय धड. खणाचं झाकण काढा, फ्रेम करून भितीला लावा, आन बाकीचं द्या भंगारात. बॉडी तेवढी उतरवू नका. एकदा बॉडी उतरली की सगळं सुटतं, परत जुळत न्हाय. सम्राट चांगला हाय, पर त्येला उकरायची खोड हाय.

पट्टीचं मला काय आठवत न्हाय. लई गाड्या केल्या.

आन उदयसिंगांबद्दल असं लिवू नका. माणूस कुठंतरी असंल की.

मलिकानं काजू दिल्यात. दात असतील तर खावा.

गैबी शिकलगार


राजारामपुरी
३ ऑगस्ट

प्रिय गैबी,

काजू पोचले. दात चार आहेत, त्यांनी आळीपाळीनं काम केलं.

तुझं ऐकायला हवं होतं की नको होतं, ते तूच सांग. सम्राटनं बॉडी उतरवली. साखळीवर टांगलेली वरची गाडी आणि खाली नुसता सांगाडा. मी स्टूल घेऊन बसलो होतो, जुन्या सवयीनं. त्यानं वरची पट्टी कापली. तिच्याखाली दुसरी निघाली, एका बाजूनं वेल्डिंगचा टाका सुटलेली. ती उचलली तर खाली चीर, माझ्या करंगळीएवढी. चिरेत काहीतरी काळं होतं. सम्राटनं खिळ्यानं उकरून माझ्या तळहातावर ठेवलं. डांबर.

मी म्हटलं, मग काय झालं? सगळे गॅरेजवाले खालून डांबर फासतात. त्यानं पाटी घेतली. तो काय लिहितोय ते मी त्याच्या खांद्यावरून वाचत होतो. तेच इथं उतरवतो.

"अपघातात तुटली असती तर चिरेत डांबर गेलं नसतं. डांबर लावलं तेव्हा चीर उघडी होती. म्हणजे चीर आधीची. खालची पट्टी आधीची. ती सुटली. वरची पट्टी नंतर झाकायला मारली."

त्याला आमच्या घरचं काही माहीत नाही. त्यानं ते लिहिलं, पुसलं आणि चहा सांगायला गेला.

मी तळहात तसाच धरून बसलो. गैबी, चाक झाडावर आपटून निसटलं, असं आपण सगळे एकतीस वर्षं म्हणत आलो. ते आधी निसटलं आणि मग गाडी झाडावर गेली, असं आहे का? असं असेल तर उदयनं काय केलं?

तुला आठवत नाही म्हणतोस. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीला कितीचा पाना लागायचा ते तुला आठवतं. मला खरं लिही. रागावणार नाही, असं लिहिणार होतो, पण ते मला ठाऊक नाही.

कृष्णात


आजरा
२० ऑगस्ट

मास्तर,

ह्यो कागद तीनदा फाडला. आता फाडत न्हाय.

खालची पट्टी मीच मारली. गुरुद्वादशीच्या चार दिस आदी. मी ठोकत गेलतो. पुढच्या उजव्या चाकापाशी बद्द वाजलं. मी बाहीर सरकलो आन तुमास्नी म्हटलं, मास्तर, हितं चीर हाय, बॉडी उतरवाय लागंल, आठ दिस पायजेत. तुमी म्हणाला, आठ दिस कुठले, क्रांतीच्या स्कॉलरशिपचा नवस हाय, गुरुद्वादशीलाच वाडीला पेढं वाटायचं कबूल केलंय. वरनं पट्टी मार, दिवाळी झाली की बॉडी उतरवू.

तुमाला त्यो आवाज ग्वाड लागतोय. पयल्या पत्रात तुमीच लिवलाय, टण् टण् आन मग बद्द. त्यो बद्द म्हंजी तीच जागा. तुमी त्या टायमाला म्हणाला, "गैबी, इथं यती आला. कवितेत इथं दम घ्यायचा असतो." आमी हसलो. पोरीनं टाळी वाजवली. मी पट्टी मारली, तिच्या कडंला चिरेचं टोक उघडं ऱ्हायलं, त्ये दिसू ने म्हणून डांबर फासलं.

कारागिरानं न्हाय म्हणायचं असतंय. मी न्हाय म्हणलो न्हाय. तुमी माझं मास्तर. मास्तरला न्हाय कसं म्हणायचं, ह्येच डोस्क्यात.

अपघातानंतर गाडी माझ्याकडंच आणली. बघितलं तवाच कळलं, टाका सुटलाय. त्येच्यावर दुसरी पट्टी मारली. पोलिसांनी इचारलं तवा म्हटलं, आपटून तुटली. तुमचा जबाब आदीच झालावता, की उदयसिंग वेगात हुतं. मी तुमच्या जबाबामागं लपलो.

त्ये सुटून आलं, तुमी दार उघडलं न्हाय. मग त्ये माझ्या दारात आलं. मी त्येंना हितं आणलं, मलिकाच्या सासऱ्याच्या काजूच्या कारखान्यात बॉयलरवर लावलं. मी गॅरेज बंद करून आजऱ्याला आलो त्ये लेकीसाठी न्हाय मास्तर. त्येंच्यावर नजर ठेवायला आलो. की त्येंनी माझ्यावर ठेवावी म्हणून, मला बी कळत न्हाय.

तीस वर्सं त्येंनी स्टेरिंगला हात लावला न्हाय. सायकल बी हातात धरून चालत्यात. लगीन उशिरा केलं, एक पोरगी हाय. आता छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणतो, दिवाळी बघायचं न्हाईत.

तुमचं डांबराचं पत्र आल्यावर मी जाऊन त्येंना सगळं सांगितलं. पाय धरलं. त्येंनी मला धरून उठवलं. मग म्हणलं, "तुझ्या म्हणण्यानं काय हुतंय गैबी? दादानं म्हटलं पायजे."

पत्र लिवू नका. पत्र त्येंना चालत न्हाय, मी इचारलं. उद्या सकाळची एस्टी धरा. अडीच तासाचं काम हाय. एवढं वाक्य म्हणायचं आन पायजे तर परत जायचं.

गैबी


राजारामपुरी
२५ ऑगस्ट

प्रिय गैबी,

मला आठवतं. तू लिहिलंस म्हणून नव्हे. यतीचं ते वाक्य मी नंतर वर्गातही सांगितलंय, विनोद म्हणून. गॅरेज, हातोडी, टाळी, सगळं सांगायचो आणि पुढचं गाळायचो. पोरं हसायची.

आता तुलाही ठाऊक नाही ते लिहितो. मी त्या दिवशी मागच्या सीटवर होतो. क्रांती पुढं, काकाशेजारी, मांडीवर पेढ्यांचा रिकामा पुडा घेऊन. वळणाच्या आधी उदय म्हणाला, "दादा, स्टेरिंग धरत न्हाई." ओरडला नाही, चहा गार झाला म्हणावं तसं म्हणाला. तेव्हा माझे कान शाबूत होते. जबाब घ्यायला आले तेव्हा मी वेग सांगितला. पोर गेली होती. दोष कुणाचा तरी असायला हवा होता आणि तो माझ्या घरात, पण माझ्या अंगावर नको होता. उदय तेव्हा तीस वर्षांचा होता. तो पोलिसांसमोर माझ्याकडं बघत राहिला, की दादा आता सांगेल. मी रुमालात तोंड घातलं.

म्हणून मी एस्टीनं येत नाही. रिकाम्या हातानं येऊन एक वाक्य म्हणायचं आणि निघायचं, हे मला जमणार नाही. मी हेरल्ड घेऊन येतो. तीच गाडी, नव्या लोखंडाची, पास झालेली. सम्राट चालवेल. उदयला पुढं बसवीन, स्टेरिंगवर हात ठेवायला लावीन आणि म्हणेन, बघ, आता धरतं. मग तिथून दोघं वाडीला जाऊ. घाटावर बसू, संगमाचं पाणी बघू. त्याला लहानपणी मी खांद्यावर घेऊन त्या पायऱ्या उतरलोय. माझ्या डोळ्यांपुढं ते चित्र इतकं स्पष्ट आहे की बस्स.

सम्राट म्हणतो, कुजलेला भाग कापून नवं लोखंड बसवायचं काम तीन तारखेपर्यंत होईल. पासिंगला आठ सप्टेंबर मिळत होती, सोमवार. मी अकरा घेतली. गुरुवार आहे, दत्ताचा वार. उदयला एवढंच सांग, की दादा निघालाय.

कृष्णात


आजरा
२ सप्टेंबर

मास्तर,

गुरुवार कशाला? एकदा गुरुद्वादशी धरून बसलावता, त्येचं काय झालं? राग आला तर येऊ द्या.

त्येंना गाडी नगं हाय. घाट नगं हाय. काल इचारलं, दादा निघाला का? मी म्हटलं, गाडी तयार हुतीया. त्ये हसलं, आन हसताना खोकला आला, मग लई येळ बोलता आलं न्हाय.

मलिकानं सम्राटच्या फोनवर दोनदा सांगितलं. त्यो म्हणला, मास्तरांना पाटीवर लिहून दावलं, त्येंनी मान हलवली आन पुसून टाकलं.

चप्पल घाला आन एस्टीत बसा.

गैबी


राजारामपुरी
१२ सप्टेंबर, शुक्रवार

प्रिय गैबी,

हे पत्र टपालात टाकत नाही. आज दुपारी माझ्याच हातानं तुला देईन. तरी लिहितोय, कारण तोंडानं सांगताना मी काय गाळेन याचा भरवसा नाही.

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं. मी चप्पल घातली, स्टँडवर गेलो. आजऱ्याची गाडी लागलेली होती, दारातल्या बाईनं मला वर घ्यायला हातही पुढं केला. पायरीवर पाय ठेवला आणि मनात आलं, सहाच दिवसांचा तर प्रश्न आहे. पाय खाली घेतला. घरी येऊन भात लावला. हे मी आधी लिहिलं नाही. आता लिहिलं.

काल गाडी पास झाली. तोच साहेब. स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली गेला, बराच वेळ टोचत होता, बाहेर आला तो हात झटकत. पाटीवर त्यानं फक्त "पास" लिहिलं आणि खाली रेघ मारली, मी वह्यांवर मारायचो तशी. परत आल्यावर सम्राटला म्हटलं, हातोडी घे. तो ठोकत गेला आणि मी पुढच्या उजव्या चाकापाशी चेसिसवर पंजा पसरून बसलो. ऐकू आलं नाही, पण हातात आलं. शेवटपर्यंत सारखं, मध्ये कुठंही थांबलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला एवढंच वाटलं की हे आठ दिवसांचं काम होतं. आठच दिवसांचं.

सम्राट बाहेर काचा पुसतोय. पितृपंधरवडा चालू आहे, शेजारचे म्हणाले कशाला निघता, सर्वपित्री होऊ द्या. या वेळी थांबलो नाही. उदयच्या पाठीला उशी घेतलीय, पांघरूण घेतलंय, पाण्याची बाटली. पेढे घेतले होते ते ठेवून दिले. पेढे नकोत.

वाक्य पाठ केलंय. उदय, स्टेरिंग धरत नव्हतं आणि तू मला सांगितलं होतंस. एवढंच. पुढं मागं काही जोडायचं नाही. आरशासमोर म्हणून बघितलं, ओठ बरोबर हलतात. आवाज कसा येतो ते कळत नाही. जोरात येत असेल तर तू खुणेनं सांग.

दिवा लागला. सम्राटचं पुसून झालेलं दिसतंय.

सम्राट नाही.

गैबी, दारात एक मुलगी उभी आहे. पंचवीस-सव्वीसची. पायांवर एस्टीच्या प्रवासाची धूळ. हनुवटी आमची. मी आत ये म्हणालो तर तिनं मान हलवली आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. दोन्ही हातांत तांब्या आहे, पांढऱ्या फडक्यानं तोंड बांधलेला. तो घेऊन कुणाच्या घरात शिरत नाहीत. तिला ठाऊक आहे, शिकवलेलं आहे.

तिला पाटी धरता येईना, म्हणून मी धरली. तिनं तांब्या छातीशी घेतला आणि एका हातानं लिहिलं. वर आधी नाव, शाळेत लिहितात तसं. ती पाटी समोर ठेवूनच हे लिहितोय. ती अजून बाहेरच उभी आहे.

"क्रांती उदयसिंह चौगुले.
बाबा मंगळवारी गेले. मी सांगते म्हटलं, म्हणून गैबीचाचांनी फोन केला नाही.
वाडीला न्यायचं आहे.
बाबा म्हणाले, दादाकडं जा. गाडी तयार झाली असेल."